नववा आठवडा चालू आहे. बिलाचा कागद, प्लास्टिक, गोळ्या: पोटात मुलगी असेल तर तिच्या गर्भाशयावर परिणाम होतो का?

घणसोलीकर

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी वाशीला एका मोठ्या दुकानात बिलिंग काउंटरवर काम करते. गेल्या वर्षी दिवस राहिले होते, पण तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. आता पुन्हा दिवस गेलेत, नववा आठवडा चालू आहे. मध्ये थोडे डाग दिसले म्हणून डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्यात. सोनोग्राफीत ठोके व्यवस्थित आहेत.

काळजी दुसरीच लागून राहिलीय. आमच्या बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. गरोदरपणी अंगात प्लास्टिकमधली रसायनं गेली तर पोटातल्या मुलीचं गर्भाशय आणि अंडाशय बिघडतं, पुढे तिला मूल होत नाही. खाली ना कुणाचं नाव, ना कुठला पत्ता. एरवी असले मेसेज मी पुसून टाकते, पण हा डोक्यातून जात नाही, कारण त्यातलं एकेक माझ्या रोजच्या दिवसात आहे.

दिवसभर बिलाचा कागद हातात. तो गुळगुळीत, नखाने ओरखडा काढला की काळी रेघ उठते तो. शनिवार-रविवारी गर्दी असली की संध्याकाळपर्यंत बोटांची टोकं पावडर लागल्यासारखी कोरडी होतात. कोविडपासून थोड्या थोड्या वेळाने सॅनिटायझर चोळायची सवय लागलीय, ती गेली नाही. चहा येतो तो प्लास्टिकच्या पिशवीतून, गाठ मारून, वाफा निघत असतात. पाणी वीस लिटरच्या निळ्या जारचं, आणि ते जार टेम्पोत उन्हात उभे असतात. रात्री घरी खिडकी उघडली की एमआयडीसीकडून वास येतो.

माझी मोठी बहीण दिव्याला असते. तिच्या मुलीला चौथीत असतानाच पाळी आली. ताई पोटुशी असताना अत्तराच्या बाटल्या भरायच्या कामाला जायची. तो मेसेज वाचल्यापासून ती मला रोज फोन करून विचारते, माझ्यामुळेच झालं का गं हे? तिला काय सांगू?

आणि एक. सासूबाईंनी गावाहून एक पुडी मागवलीय. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सकाळी अनशापोटी, गोऱ्हा व्यालेल्या गाईच्या दुधातून घ्यायची. कशासाठी ते तुम्हाला कळलं असेलच. आम्हा दोघांना मुलगा-मुलगी काहीही चालेल, पण त्या म्हणतात नुसता झाडपाला आहे, अपाय काही नाही, उलट गर्भ घट्ट बसतो. त्या माझं सगळं मनापासून करतात, त्यांचं मन मोडावंसं वाटत नाही. गुरुवारी सुरू करायची आहे. दूधही सांगून ठेवलंय.

मेसेजमध्ये तथ्य किती आणि मी काय करू, कुणी नीट सांगेल का?

बीजांड

घणसोलीकर, पुडीचं तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंत. मी तिथूनच सुरू करते, कारण तुमच्या सगळ्या यादीत खरी धोक्याची वस्तू तीच आहे. गुरुवारी ती घेऊ नका. नंतरही नको.

मी ठाण्यात एका आयव्हीएफ केंद्रात एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे. म्हणजे डॉक्टर नाही. बीजांडं आणि भ्रूण प्रयोगशाळेत सांभाळायचं काम माझं. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण पोटात या आठवड्यांत काय चाललेलं असतं ते मी सांगू शकते.

साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत मुलगा असो की मुलगी, दोघांतही नळ्यांच्या दोन जोड्या असतात. एक वुल्फियन, दुसरी म्युलेरियन. मुलगा असेल तर त्याच्या वृषणांतून एएमएच नावाचं हार्मोन सुटतं आणि म्युलेरियन नळ्या विरून जातात. मुलीत त्याच नळ्या वाढतात, खालच्या बाजूला एकमेकींना चिकटतात आणि त्यांच्यापासून गर्भाशय, गर्भनलिका आणि योनीचा वरचा भाग होतो. हे जोडकाम बाराव्या आठवड्याच्या आसपास होतं, मधला पडदा त्यानंतर विरतो. तुमचा नववा आठवडा बरोबर यात येतो. या दिवसांत बाहेरून हार्मोनसारखं काही शिरलं तर ते तयार अवयवावर नाही, अवयवाच्या घडणीवर काम करतं.

गर्भलिंग मात्र बीज फळतं त्या क्षणी ठरून गेलेलं असतं, शुक्राणूत एक्स होता की वाय यावरून. नवव्या आठवड्यात कुठल्याही पुडीने ते बदलत नाही. हरियाणात अशा औषधांवर अभ्यास झाले आहेत. नमुने तपासले तेव्हा त्यांत वनस्पतीजन्य इस्ट्रोजेन मिळाले, आणि ज्या आयांनी ती घेतली होती त्यांच्या बाळांत जन्मजात व्यंगांचं प्रमाण जास्त होतं. झाडपाल्यात हार्मोन नसतं हा समज सोडून द्यायला हवा.

आता माणसांतलाच पक्का पुरावा सांगते. १९३८ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी डायइथाइलस्टिलबेस्ट्रॉल नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन तयार केलं. डीईएस म्हणतात. स्वस्त, तोंडाने घेता येणारं. पुढच्या दशकात अमेरिकेत गर्भ टिकावा म्हणून ते गरोदर बायकांना सर्रास देऊ लागले. १९५३ साली शिकागोतल्या सुमारे १,६०० बायकांवरच्या व्यवस्थित चाचणीचे निष्कर्ष छापून आले, त्यात त्याचा काहीही उपयोग दिसला नाही. तरी ते लिहून दिलं जातच राहिलं. मग बॉस्टनच्या डॉक्टरांकडे १५ ते २२ वयाच्या मुली येऊ लागल्या, योनीचा एक दुर्मीळ कर्करोग घेऊन. तोवर तो आजार उतारवयातल्या बायकांचा समजला जायचा. डॉक्टरांना काही उलगडेना. त्यांतल्या एका मुलीच्या आईने विचारलं, ही पोटात असताना मी डीईएस घेतलं होतं, त्याचा तर संबंध नसेल? आर्थर हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांनी माग काढला. १९७१ साली छापून आलं: आठ रुग्ण मुली, त्यांतल्या सात जणींच्या आयांनी गरोदरपणी डीईएस घेतलेलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते गरोदर बायकांना देऊ नका असा इशारा काढला.

तो प्रश्न डॉक्टरांना सुचला नव्हता, आईला सुचला. तुम्ही इथे विचारताय ते म्हणूनच मला फार मोलाचं वाटतं.

कर्करोग तसा हजारात एखादीलाच झाला. पण बाकीच्या मुली मोठ्या होऊन संसाराला लागल्या तेव्हा दुसऱ्या गोष्टी समोर आल्या. अनेकींच्या गर्भाशयाची पोकळी टी-आकाराची, अरुंद. २०११ साली या मुलींच्या दीर्घ पाठपुराव्याचे आकडे आले. मूल न होण्याचं प्रमाण त्यांच्यात ३३ टक्के, डीईएसचा संबंध नसलेल्या बायकांत १५.५ टक्के. दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाण ५३ टक्के, इतरांत १८ टक्क्यांच्या आत. नळीत गर्भ राहणंही जास्त. आईने जितक्या लवकरच्या आठवड्यांत सुरू केलं, कर्करोगाचा धोका तितका जास्त.

त्या आयांनी गोळी घेतली ती बाळासाठीच. तुमच्या सासूबाईंची मायाही तशीच आहे, त्याबद्दल मला शंका नाही. त्यांना हेच सांगा.

इथे एक गल्लत होऊ देऊ नका. तुमच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या म्हणजे डीईएस नव्हे. प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवायला शरीर स्वतः बनवतं ते हार्मोन. आधी गर्भपात झालेला असेल आणि सुरुवातीला रक्त दिसत असेल अशा बायकांना त्याचा उपयोग होतो असं ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत २०१९ साली दिसलं. तुमची स्थिती नेमकी तीच आहे. हे वाचून घाबरून गोळ्या बंद करू नका. मनात किंतु असेल तर डॉक्टरांना फोन करा, स्वतःच्या मनाने काही थांबवू नका.

प्लास्टिक आणि बिलाच्या कागदाचं रात्री लिहिते. ड्युटी आहे.

महापे केमिस्ट

बीजांड यांनी लिहिलंय त्यातल्या पुडीबद्दल शंभर टक्के सहमत. मी टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे, बरीच वर्षं. प्लास्टिकबद्दल माझ्या धंद्याच्या बाजूने थोडं.

वासाचं आधी. रात्री जो वास येतो तो बहुतेक वेळा सॉल्व्हंटचा किंवा गंधकाच्या संयुगांचा. त्याचा त्रास वेगळा, त्याची तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जरूर करा. पण हार्मोनमध्ये ढवळाढवळ करणारी रसायनं नाकाला कळतीलच असं नाही. बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, याला सांगण्यासारखा वास नसतो. वास आला म्हणजे गर्भाला धोका आणि वास नाही म्हणजे सुरक्षित, असा हिशोब मांडू नका.

बिलाचा कागद. त्यावर शाई नसतेच. कागदावर रंगद्रव्य आणि एक विकासक पदार्थ यांचा थर असतो, उष्णतेने दोन्ही एकत्र येऊन अक्षर काळं उमटतं. हा विकासक म्हणजे बहुधा बीपीए किंवा त्याचा भाऊ बीपीएस. डब्याच्या प्लास्टिकमध्ये बीपीए साखळीत बांधलेलं असतं, इथे ते मोकळंच असतं आणि बोटाला लागतं. युरोपने २०२० पासून या कागदात बीपीए ०.०२ टक्क्यांच्या वर नको असा नियम केला. पण लगेच बीपीएस आलं. म्हणून 'बीपीए-फ्री' छापलेलं पाहून निर्धास्त होऊ नका, मी ते लेबल कधीच पुरेसं मानत नाही.

आता माझी हरकत. हे सगळं नॅनोग्रॅम-मायक्रोग्रॅममधलं आहे. आम्ही रसायनवाले पहिल्या वर्षी शिकतो की विष मात्रेत असतं. डीईएसच्या गोळ्या रोज मिलिग्रॅममध्ये दिल्या जायच्या, नंतर नंतर शंभराच्या वर. ती गोष्ट आणि चहाची पिशवी एका रांगेत बसवली तर ही मुलगी उगाच नऊ महिने भीतीत काढेल. गरोदर बाईला भीतीही चांगली नाही.

नौपाड्याची आजी

अगं बाळ, तुझ्या आजीच्या वयाची आहे म्हणून अगं-तुगं करते.

सासूला 'पुडी घेणार नाही' असं तोंडावर म्हणू नकोस. 'डॉक्टरांनी आधी दाखवायला सांगितलीय' म्हण. त्यांना बरोबर घेऊन जा. आमच्या पिढीला डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की पटतं, सुनेने सांगितलं की उद्धटपणा वाटतो. आणि तुझ्या नवऱ्याला कळू दे की हे त्याने बोलायचं आहे. आई त्याची आहे.

भांड्यांचं म्हणशील तर गरम पदार्थ प्लास्टिकमध्ये घालायचाच नाही, एवढा एक नेम धर. जांभळी नाक्याला स्टीलची पुष्कळ दुकानं आहेत. झाकणाचा चहाचा डबा घे, चांगला जाड. टपरीच्या पोऱ्याला सांग यात ओत. पहिल्या दिवशी तो बघत राहील, मग त्याला सवय होईल. पाणी घरून उकळून गार केलेलं स्टीलच्या बाटलीतून ने. लोणचं-चिंच असलं आंबट चिनी मातीच्या बरणीत. माझ्या घरी अजून तेच आहे, कुठल्या रसायनाला घाबरून नाही, पण बरंच झालं म्हणायचं.

देवापुढे उदबत्ती लावताना खिडकी उघडी ठेव, नाहीतर नुसतं निरांजन लाव. देवाला तेवढं पुरतं.

बीजांड

आजी, सासूबाईंचं तुम्ही सांगितलंत ते मला सुचलं नसतं. उदबत्तीचंही बरोबर आहे. आपल्याकडे उदबत्तीच्या सुगंधात आणि अत्तरांत डायइथाइल थॅलेट हे द्रव पातळ करायला आणि वास टिकवायला घालतात. आमच्या लॅबमध्ये परफ्यूम, नेलपॉलिश, सुगंधी केसतेल लावून यायला बंदी आहे. हवा कोळशाच्या फिल्टरमधून येते. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते ती लॅबच्या दाराबाहेर, हळदकुंकू आणि झेंडू, उदबत्ती नाही. आत बशीत असतं ते बीजांड मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं, आणि ते उघड्यावर असतं, आईच्या शरीराचं कवच नसलेलं. म्हणून एवढं सोवळं. पोटातल्या बाळाला वार असते, पण बीपीए आणि थॅलेट वारेतून पलीकडे जातात.

महापे केमिस्ट, मात्रेचं तुमचं म्हणणं मी मोडीत काढत नाही. डीईएस आणि चहाची पिशवी एका रांगेत नाहीतच, म्हणून पुडी पहिली लिहिली. पण हार्मोनच्या बाबतीत मात्रेइतकीच वेळ मोलाची. दूध कोमट असताना विरजणाचा एक थेंब सगळं पातेलं लावतो, तेच गार दुधात चमचाभर घाला, काही होत नाही. शरीरातलं इस्ट्रोजेन मुळात रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये पिकोग्रॅमच्या मापात काम करतं. त्याच्या कुलपात बसणाऱ्या परक्या किल्लीला नॅनोग्रॅम कमी नाहीत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली बीपीएची रोजची सहन होणारी मर्यादा आधीपेक्षा २०,००० पटींनी खाली आणली, ती काही उगाच नाही.

उंदरांतलं एक काम मला रोज आठवतं, कारण ते माझ्याच विषयातलं आहे. १९९८ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला पॅट हंट यांच्या प्रयोगशाळेत, ज्यांच्यावर काहीच प्रयोग केलेला नव्हता अशा तुलनेसाठी ठेवलेल्या उंदरिणींच्या बीजांडांत अचानक गुणसूत्रांचे घोळ वाढले. शोधता शोधता कळलं की पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकीच्या, तीव्र साबणाने धुतल्या गेल्या होत्या. प्लास्टिक खराब होऊन त्यातून बीपीए सुटत होतं. २००३ साली ते छापलं. पुढे २००७ साली त्यांनीच दाखवलं की गाभण उंदरिणीला थोडं बीपीए दिलं तर पोटातल्या मादी पिल्लाच्या अंडाशयात, बीजांडं घडत असतानाच, गुणसूत्रांची जोडाजोड चुकते. ती मादी मोठी झाल्यावर तिच्या बीजांडांत आणि भ्रूणांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली सापडली. म्हणजे आजीच्या अंगात गेलेलं नातवंडांपर्यंत पोचलं.

माणसातही मुलीची सगळी बीजांडं ती पोटात असतानाच तयार होतात. विसाव्या आठवड्याच्या सुमारास ६० ते ७० लाख, जन्मताना १० ते २० लाख, पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख. नंतर भर पडत नाही. मी टेबलावर पस्तिशीच्या बाईचं बीजांड पाहते तेव्हा ते तिच्या आईच्या पोटात बनलेलं असतं. या एका गोष्टीमुळे मला हा विषय क्षुल्लक वाटू शकत नाही.

आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की मुलीची अंगं 'आपोआप' घडतात, हार्मोन लागतात ते मुलाला. त्या समजुतीने संशोधनही मुलग्यांवरच जास्त झालं, मुलींचं मागे राहिलं. २०१७ साली हम्फ्री याओ यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की मादी गर्भात वुल्फियन नळ्या आपोआप जात नाहीत, त्यांना काढून टाकणारं एक प्रथिन तिथे मुद्दाम काम करतं. मुलीची घडणही सक्रिय घडण आहे.

माणसांतला पुरावा मात्र उंदरांइतका ठसठशीत नाही, हे मेसेज पाठवणारे लिहीत नाहीत. रोजच्या वापरातल्या बीपीएने मुलीचं गर्भाशय बिघडतं असं सिद्ध झालेलं नाही. 'पुढे मूल होत नाही' हे वाक्य तर साफ खोटं भय आहे. जे दिसलंय ते असं. कॅलिफोर्नियात ऑकलंडच्या परिसरात १९५९ ते १९६७ या काळात गरोदर बायकांचं रक्त जपून ठेवलं होतं. ज्यांच्या रक्तात डीडीटी हे कीटकनाशक जास्त होतं त्यांच्या मुलींना पुढे दिवस राहायला जास्त वेळ लागला, त्यांच्यात स्तनाचा कर्करोगही जास्त निघाला. नातींमध्ये पाळी लवकर येणं आणि वजन जास्त असणं दिसलं. डीडीटी अंगात वर्षानुवर्षं राहतं. आपल्याकडे शेतीतला त्याचा वापर १९८९ मध्ये बंद झाला.

तुमच्या ताईंचं. कॅलिफोर्नियाच्याच सॅलिनस खोऱ्यातल्या ३३८ मुलामुलींचा मागोवा आईच्या पोटापासून घेतला होता. २०१८ साली आलेल्या निष्कर्षात, ज्या आयांच्या लघवीत डायइथाइल थॅलेटचा अंश आणि ट्रायक्लोसान (साबण-टूथपेस्टमध्ये घालत ते जंतुनाशक) जास्त, त्यांच्या मुली थोड्या लवकर वयात आल्या. पण हा फरक महिन्यांचा आहे, वर्षांचा नाही. ताईंच्या मुलीला पाळी चौथीत का आली, याचं उत्तर त्यावरून कुणीही देऊ शकत नाही. मुलीचं वजन, घरातल्या बायकांची पाळीची वयं, यांचा वाटा मोठा असतो. ताईंना म्हणावं, पोटासाठी कामाला जात होतात, त्यात तुमचा दोष नाही. मुलीला बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा, त्यांना गरज वाटली तर ते हार्मोनतज्ज्ञांकडे पाठवतील. आठ वर्षांच्या आत छातीची वाढ दिसली होती का, उंची कशी वाढत गेली, एवढं आठवून जा. शाळेच्या पुस्तकात उंचीची नोंद असेल तर ती घेऊन जा.

आणि तुमच्यासाठी दिलाशाची गोष्ट. बीपीए आणि थॅलेट शरीरात साठून राहत नाहीत, काही तासांत निम्मे होतात, एक-दोन दिवसांत लघवीवाटे जातात. म्हणजे काल हातातून गेलेल्या बिलांचं ओझं वाहायचं कारण नाही. आज बंद केलं की परवा फरक पडलेला असतो. पुढचे तीन-चार आठवडे जास्त जपा, नंतरही सोडू नका.

सॅनिटायझरचं तेवढं लगेच थांबवा. ओल्या सॅनिटायझरच्या हातांनी असा कागद धरला तर बीपीए त्वचेतून कितीतरी जास्त शिरतं, हे मिझुरीतल्या प्रयोगात २०१४ साली मोजलेलं आहे. साबण-पाण्याने हात धुवा, कोरडे करा, मगच बिलाला हात लावा. खाण्याआधी तर धुवाच. हाताला क्रीम लावून काउंटरवर बसू नका. जार पॉलिकार्बोनेटचे असतील तर तळाला त्रिकोणात ७ आकडा असतो. ऊन, ओरखडे, जुनेपणा, यांनी त्यातून जास्त सुटतं. घरून पाणी नेणं सोपं.

घणसोलीकर

बीजांडताई, आजी, सर, तुमचे सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि काउंटरवर परत जाऊन आधी सॅनिटायझरची बाटली शेजारणीकडे सरकवली.

रात्री यांना वाचून दाखवलं. डीईएसचा भाग त्यांनी दोनदा वाचला. मग आईंना म्हणाले, उद्या आपण तिघं डॉक्टरांकडे जाऊ, पुडी बरोबर घे. आई आधी गप्प बसल्या. नंतर मला म्हणाल्या, तुझं मागचं गेलं तेव्हापासून मला झोप नाही, म्हणून मागवली होती गं. मला वाटत होतं त्यांना फक्त नातू हवाय.

डॉक्टरांनी पुडी ठेवून घेतली आणि आईंना शांतपणे समजावलं. हेही सांगितलं की मुलगा-मुलगी अशा निवडीची जाहिरात करणं पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याने गुन्हा आहे, गावात कोण विकतं ते कळवा. प्रोजेस्टेरॉन चालू ठेवायला सांगितलंय.

दुकानात मॅनेजरशी बोलले. काउंटर बदलून द्यायला तूर्त माणूस नाही म्हणाले, पण हातमोजे घालायला हरकत नाही. कुठले घेऊ? स्वयंपाकघरात मिळतात ते पातळ पारदर्शक चालतील का? आणि माझ्या शेजारच्या काउंटरवरच्या दोघी अजून लग्नाच्या आहेत, त्यांनीही घालावेत का?

महापे केमिस्ट

पारदर्शक पिशवीसारखे घेऊ नका, त्यांनी कागद धरता येत नाही, तासाभरात काढून ठेवाल. सुती तर नकोच, पावडर त्यात मुरून बोटाला लागत राहील. नायट्राइलचे घ्या, निळे मिळतात, पावडर नसलेले, बोटांना घट्ट बसतील त्या मापाचे. औषधांच्या दुकानात खोका मिळतो. जेवायला जाताना काढून टाका, परत तेच चढवू नका. काढताना बाहेरच्या बाजूला बोट लावू नका, मनगटापासून उलटे करत काढा.

त्या दोघींनीही घालावेत. बिल फोनवर पाठवायची सोय तुमच्या यंत्रात बहुतेक असेल, गिऱ्हाइकाला आधी तेच विचारायचं ठरवलंत तर कागद निम्मा कमी होईल. मॅनेजरकडे हे तिघींनी मिळून लेखी द्या. मजकूर हवा असेल तर इथे सांगा, रविवारी मला सुट्टी आहे, लिहून देतो. रोल पुरवणाऱ्याकडून त्यात कुठला विकासक वापरलाय हेही लेखी मागवा. माल कोणता आहे हे विचारायचा खरेदीदाराला हक्क असतो, आणि दुकान मोठं असेल तर पुरवठादार उत्तर देतो.

बीजांड

लेखी द्याच. त्यात फक्त गरोदर बाई लिहू नका, काउंटरवर बसणाऱ्या सगळ्या लिहा. बहुतेक बायकांना दिवस गेल्याचं कळतं तोवर पाचवा-सहावा आठवडा उजाडलेला असतो आणि नळ्यांचं काम तोंडावर आलेलं असतं. मोजे हातात त्याआधीपासून हवेत.

पुढची सोनोग्राफी अकरा ते तेरा आठवड्यांच्या मध्ये असेल. झाली की इथे कळवा.